पाहुण्याचं नाव नेमकं कुठे निसटतं?

हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला नव्याने लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास बोलतात: "सर, नावांच्या बाबतीत माझी मेमरी जरा वीकच आहे." मग मी त्यांना काउंटरपासून दोन पावलं मागे उभं करतो आणि सांगतो, शेजारचा सहकारी चेक-इन करेल तेव्हा फक्त त्याच्या डोळ्यांकडे बघ. पाहुणा येतो, बॅग टेकवतो, नाव सांगतो. त्या क्षणी सहकाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात, बोटं कीबोर्डवर, आणि मनात पुढचं वाक्य घोळत असतं: ओळखपत्र मागायचं, रजिस्ट्रेशन कार्डावर सही घ्यायची, वायफायचा पासवर्ड सांगायचा. नाव कानावरून जातं, बोटांतून टाइप होतं, बुकिंग सापडतं. दोन मिनिटांनी की-कार्ड देताना त्यालाच विचारा, पाहुण्याचं नाव काय? तो पुन्हा स्क्रीनकडे बघतो.

आता यात स्मरणशक्तीचा काय दोष? विसरायला आधी नाव डोक्यात शिरावं लागतं, इथे ते शिरलंच नाही. काउंटरवर हरवणारी बहुतेक नावं अशी पहिल्या तीन सेकंदांतच हरवतात. बाकीच्या युक्त्या नंतरच्या, आधी ही गळती बंद करायला हवी.

याच्या जवळ जाणारा एक प्रयोग माल्कम ब्रेनर यांनी १९७३ साली मांडला. माणसं एकत्र बसवली आणि प्रत्येकाने आपली पाळी आली की शब्द मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं. नंतर कोणी काय वाचलं ते विचारलं, तर ज्याला त्याला स्वतःचा शब्द आठवत होता, पण आपल्या अगदी आधी वाचला गेलेला शब्द मात्र बऱ्याच जणांच्या बाबतीत कोरा होता. आपली पाळी जवळ आली की आपण ऐकणं बंद करून तयारीला लागतो. काउंटरवर पाहुणा नाव सांगतो ती वेळ नेमकी आपली पाळी यायच्या आधीची असते. ओळखपाळखीच्या प्रसंगी समोरच्याचं नाव ऐकू येत नाही त्याचं कारणही हेच, आपण आपलं नाव सांगायच्या तयारीत असतो.

म्हणून मी एकच क्रम घोटवून घेतो: ऐकायचं, म्हणायचं, मग टाइप करायचं. पाहुणा नाव सांगत असताना हात कीबोर्डवरून उचलून काउंटरवर ठेवायचे. नाव ऐकलं की ते त्याच्याच तोंडावर, बरोबर का अशा सुरात, एकदा म्हणायचं. त्याने मान हलवली की स्क्रीनकडे वळायचं. यात जेमतेम दोन सेकंद जातात. गर्दीच्या वेळी ते जड वाटतात खरे, पण चुकीच्या बुकिंगमध्ये शिरून परत बाहेर यायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

सुतार आणि सुतारकाम

नीट ऐकलं तरी नाव निसटतंच, आणि त्याला नावाचा स्वभाव जबाबदार आहे. समजा, तुम्हाला एक माणूस दाखवून सांगितलं की हे सुतारकाम करतात. दुसऱ्या एका माणसाकडे बोट दाखवून सांगितलं की यांचं आडनाव सुतार. आठवड्याने दोन्ही चेहरे पुढे आणले तर काय आठवेल? पहिल्याचा धंदा पटकन आठवेल, दुसऱ्याचं आडनाव ओठांवर येऊन अडकेल. शब्द दोन्हीकडे तोच असूनही असं होतं. १९८७ साली ब्रिटिश संशोधकांनी इंग्रजीतल्या 'बेकर' या शब्दावर हे दाखवून दिलं. हा शब्द धंदा म्हणून सांगितला की आठवतो, आडनाव म्हणून सांगितला की विसरतो. मानसशास्त्रात याला बेकर-बेकर पॅराडॉक्स म्हणतात. आपल्यासाठी तो सुतार-सुतार पेच झाला.

कारण सोपं आहे. सुतारकाम म्हटलं की रंधा दिसतो, लाकडाचा भुसा दिसतो, कानामागे खोचलेली पेन्सिल दिसते, लाकडाचा वासही येतो. आठवणीला धरून ठेवायला इतक्या खुंट्या मिळतात. आडनाव सुतार असलेला माणूस मात्र बँकेत असेल, विमान चालवत असेल, दवाखान्यात शस्त्रक्रिया करत असेल. त्या आडनावाला त्या माणसाबद्दल काहीही सांगायचं नसतं. ती नुसती चिठ्ठी, आणि चिकटवायला डिंक नाही.

व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग यांनी १९८६ साली चेहरा ओळखण्याच्या प्रक्रियेचं जे चित्र मांडलं, त्यात नाव सगळ्यात शेवटच्या खोलीत आहे. आधी कळतं की चेहरा ओळखीचा आहे. मग कळतं की हा माणूस कोण, कुठला, काय करतो. नावाचा दरवाजा त्यानंतर. म्हणूनच "हे गेल्या वेळी खिडकीकडची खोली मागत होते, मुलगी व्हायोलिन वाजवते" एवढं सगळं आठवतं आणि नाव आठवत नाही. उलटं कधी होत नाही. नाव आठवतंय पण हा माणूस कोण ते काहीच आठवत नाही, असा अनुभव चेहरा बघून कोणाला आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यातून काउंटरवाल्याने घ्यायचं ते एवढंच, की चिठ्ठीला डिंक आपण लावायचा. नावाला त्या माणसाची एक खरी गोष्ट जोडायची. तो कशासाठी आलाय, कुठून आलाय, त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला. "देशपांडे, परिषदेत भाषण आहे, इस्त्री कुठे मिळेल विचारत होते." स्मरणशक्तीच्या शिबिरांत शिकवतात तशी भन्नाट चित्रं, म्हणजे वाघमारे आडनावाच्या माणसाच्या खांद्यावर वाघ वगैरे, मला फारशी पटत नाहीत. ती चालतात, नाही असं नाही. पण समोर माणूस बोलत असताना आपण त्याच्या खांद्यावर वाघ बसवत असलो तर तो काय बोलला ते ऐकणार कोण? शिवाय चित्र माणसाच्या नाकावर किंवा पोटावर बेतलेलं असेल तर ते कधी ना कधी आपल्या चेहऱ्यावर दिसतं.

टेबलावर सेवा देणाऱ्यांना मात्र एक जुनी युक्ती फार कामाची आहे, आणि ती जन्मली मेजवानीतच. रोमन वक्ता सिसेरोने सांगितलेली कथा अशी, की ग्रीक कवी सिमोनिडीस एका मेजवानीतून कोणाच्या तरी निरोपावरून बाहेर आला आणि मागे छत कोसळलं. आतली माणसं ओळखू येणार नाहीत इतकी चिरडली. सिमोनिडीसने कोण कुठे बसलं होतं ते आठवून एकेकाची ओळख पटवली. जागेला आठवण बांधायची, या विद्येचा उगम या कथेशी जोडतात. आठ जणांच्या टेबलाला तुम्ही दाराकडच्या खुर्चीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नावं लावलीत, तर ती आठ सुटी नावं न राहता एक साखळी होते. पाहुण्यांनी मध्येच खुर्च्या बदलल्या की साखळी तुटते, तेव्हा मूळ जागा आठवून तिथून माणूस हलवायचा.

लिहून नव्हे, आठवून

नाव पक्कं करायचं म्हणून बरेच जण अरायव्हल लिस्ट, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यांची यादी, पुन्हा पुन्हा वाचतात. त्याने नावं ओळखीची वाटायला लागतात, वेळेवर सुचत मात्र नाहीत. वाचणं आणि आठवणं या वेगळ्या कसरती आहेत. लँडॉअर आणि ब्यॉर्क यांनी १९७८ साली नावांवरच प्रयोग करून दाखवलं, की नाव स्वतःहून आठवायचा प्रयत्न करायचा आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं, तर ते टिकतं.

चेक-इनमध्ये ही अंतरं आयती मिळतात. नाव ऐकल्यावर लगेच एकदा म्हटलं. सही झाल्यावर की-कार्ड देताना, कागदाकडे न बघता, दुसऱ्यांदा. पाहुणा लिफ्टकडे वळला की पाठमोऱ्या माणसाकडे बघून मनात तिसऱ्यांदा. मग तासाभराने, जरा उसंत मिळाली की, आत्तापर्यंत आलेल्यांपैकी पाच जण आठवायचे. शिफ्ट संपताना टाकाऊ कागदाच्या पाठीवर जमतील तेवढी नावं लिहायची, लिस्टशी ताडून बघायची आणि कागद फाडून टाकायचा. फाडायचाच, कारण पाहुण्यांची नावं लिहिलेला कागद खिशातून घरी जाता कामा नये.

अडकलेल्या नावाबद्दल एक सांगतो. जिभेवर आलेलं पण बाहेर पडत नाही, पहिलं अक्षर आठवतं, किती अक्षरी तेही आठवतं, अशी अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ साली तिचा पद्धतशीर अभ्यास केला. माणसांची नावं तिथे जास्त अडकतात आणि वय वाढतं तसं हे वाढतं. अशा वेळी बरेचदा एक चुकीचं नाव वाट अडवून बसतं, आणि जोर लावावा तसं तेच तेच पुढे येतं. तेव्हा जोर लावणं सोडायचं, "सुप्रभात" म्हणून पुढे जायचं. नाव बहुधा पाहुणा लिफ्टमध्ये शिरल्यावर आठवतं. चडफडायचं आणि सोडून द्यायचं.

चेहऱ्यांचं वेगळंच असतं. नवख्या चेहऱ्याची आठवण आपण केस, कपाळावरची केसांची रेघ, बाह्याकृती यांवर बांधतो. डोळे, नाक, ओठ यांवर ओळख बसायला सहवास लागतो. हे १९७९ सालापासून संशोधनात नोंदलेलं आहे. रात्री टोपी घालून आलेला, प्रवासाने पिचलेला माणूस सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, चष्मा न लावता आला की म्हणूनच ओळखू येत नाही. टोपी लक्षात ठेवली होती, माणूस नव्हता ठेवला. त्यामुळे पहिल्या भेटीत जाणीवपूर्वक भुवया, डोळ्यांमधलं अंतर, आवाज आणि चाल टिपायची. आवाज तर विशेषच, कारण नंतर खोलीतून फोन आला की तोच कामाला येतो. आपण ज्या लोकांत वाढलो त्यांच्यापेक्षा वेगळ्या वंशाचे चेहरे ओळखायला सगळ्यांनाच जड जातं. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. मोठा परदेशी ग्रुप आला की "सगळे सारखेच दिसतात" असं कोणी म्हणालं, तर त्याला सांगायचं की त्यांनाही आपण सारखेच दिसतो, आणि आपल्या छातीवर निदान नावाची पट्टी आहे.

काही माणसांना चेहरे ओळखताच येत नाहीत, जवळच्यांचेही. या अवस्थेला १९४७ साली योआखिम बोडामर यांनी प्रोसोपॅग्नोसिया असं नाव दिलं. तुमच्या हाताखाली असा कोणी असेल तर त्याला रागावून उपयोग नाही. आवाज, चाल आणि खोली क्रमांक यांवर तो उत्तम काम करू शकतो.

हॉटेल एका डोक्याने लक्षात ठेवत नाही

पाहुणा टॅक्सीतून उतरतो आणि काउंटरला पोचेपर्यंत "स्वागत आहे" म्हणत त्याचं नाव घेतलं जातं. त्याला वाटतं, काय स्मरणशक्ती आहे! प्रत्यक्षात दारातल्या माणसाने बॅग उचलताना तिला लटकवलेल्या पट्टीवरचं नाव वाचलेलं असतं आणि काउंटरकडे कानातल्या यंत्रातून किंवा नुसतं पुढे जाऊन कळवलेलं असतं. युक्ती नवी नाही. प्राचीन रोममध्ये पुढारी रस्त्याने निघाले की बरोबर नोमेनक्लेटर नावाचा गुलाम असायचा. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात कुजबुजायचं, एवढंच त्याचं काम.

खोलीतून फोन आला की डिस्प्लेवर नाव दिसतं, ते वाचूनच फोन उचलायचा. हाउसकीपिंगवाल्याने दार वाजवण्याआधी आपल्या यादीतलं नाव बघायचं. शिफ्ट बदलताना हँडओव्हरमध्ये "तीनशे बाराला एसीची तक्रार" एवढं न लिहिता नाव लिहायचं. नाहीतर रात्रपाळीचा माणूस पाहुण्याशी बोलताना खोली क्रमांकाशी बोलतो आणि पाहुण्याला ते कळतं. द रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहाच्या सेवेच्या तीन पायऱ्या या धंद्यात प्रसिद्ध आहेत. पहिलीत मनापासून स्वागत आणि तिसरीत निरोप, आणि या दोन्ही ठिकाणी पाहुण्याचं नाव घ्यावं असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. मधल्या पायरीत, म्हणजे गरज ओळखून पुरवण्यात, नावाचा उल्लेख नाही. मला ही विभागणी अगदी बरोबर वाटते.

का, ते सांगतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली दोन कानांत दोन वेगळे आवाज सोडून प्रयोग केले. लक्ष एका कानाकडे असेल तर दुसऱ्या कानात काय बोललं गेलं ते माणसाला जवळपास काहीच सांगता येत नाही. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, आणि साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. स्वतःचं नाव गोंगाट चिरून आत येतं. गजबजलेल्या लॉबीत पाहुण्याला हाक मारायला हे उपयोगी आहेच, पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा. प्रत्येक वेळी नाव घेणं म्हणजे त्याची बाही ओढण्यासारखं आहे. एकदा ओढली तर तो वळून बघतो, चार मिनिटांत सहा वेळा ओढली तर बाही सोडवून घेतो. विक्रीचा फोन करणारे लोक दर वाक्याला नाव घेतात, आणि आपण काय करतो? फोन ठेवतो. येताना एकदा, मध्ये खरंच गरज असेल तर एकदा, जाताना एकदा. पुरे.

आडनाव कोणतं आणि ते म्हणायचं कसं

यादीत छापलेलं नाव म्हणजे त्या माणसाचं नाव, असं धरून चालू नका. एजंटकडून किंवा विमानाच्या आरक्षणातून आलेल्या यादीत 'मिस्टर'चं लघुरूप बरेचदा पहिल्या नावाला चिकटून येतं, मध्ये जागाच नसते. नवखा मुलगा तेच सलग वाचतो आणि 'सुनील' नावाच्या माणसाला 'सुनीलमर' म्हणून हाक मारतो. हे मी कानांनी ऐकलंय. दुसरा प्रकार एकच नाव असलेल्या माणसांचा. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात. पहिलं नाव माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते नाव समजून "मिस्टर एफएनयू, वेलकम" म्हणणारेही भेटतात.

शंका आली तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळी बघा. प्रत्येकीत ४४ जागा असतात आणि वरच्या ओळीत त्यातल्या ३९ नावासाठी. आधी आडनाव, मग कोनासारख्या दोन खुणा शेजारी शेजारी, मग पहिली नावं. दोन खुणांच्या आधीचं ते आडनाव, संपला प्रश्न. फार लांब नाव मात्र तिथे कापलेलं असतं.

पण आडनाव कळलं म्हणजे संबोधन कळलं असं नाही. हंगेरी, चीन, कोरिया, जपान इथे आडनाव आधी येतं. जपानने तर १ जानेवारी २०२० पासून सरकारी कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण तिथले अनेक लोक परदेशी माणसासाठी अजूनही उलटं सांगतात, म्हणून विचारलेलं बरं. व्हिएतनाममध्ये आडनाव पहिलं असलं तरी आदराने हाक मारायची ती शेवटच्या नावाने. थायलंडमध्ये 'खुन' लावून पहिल्या नावाने. स्पॅनिश माणसाला बहुधा दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं, आणि थोडक्यात म्हणायचं तर पहिलं घेतात. यादीतला शेवटचा शब्द उचलायची सवय असलेला कारकून नेमकं दुसरं घेतो. आइसलँडमध्ये बहुतेकांना कुळाचं आडनावच नसतं, वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून शेवटचा शब्द बनतो, त्यामुळे पहिल्या नावाने बोलावणं हाच तिथला शिष्टाचार, मग समोर राष्ट्राध्यक्ष का असेना.

उच्चाराच्या बाबतीत आपल्या हातात एक हत्यार आहे आणि आपण ते वापरत नाही: देवनागरी. रोमन लिपीतलं 'जोस' वाचून काही कळत नाही. स्पॅनिश माणूस स्वतः 'होसे' म्हणतो, पोर्तुगीज 'जुझे'च्या जवळपास. एकदा विचारून यादीत त्या नावासमोर पेनाने देवनागरीत लिहून ठेवलं, की पुढच्या शिफ्टलाही तो उच्चार मिळतो. विचारायचं ते सरळ: "आपलं नाव मी बरोबर उच्चारतोय ना?" दुरुस्ती केली तर त्याच वेळी पुन्हा म्हणून दाखवायचं. तीनदा प्रयत्न करून जमलं नाही तर चौथ्यांदा नको, पाहुण्याला शिकवणी घ्यायची नसते. सगळ्यात वाईट म्हणजे नाव वाचून हसणं आणि "हे फारच अवघड आहे हो" म्हणणं. ते त्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं.

तुम्ही, आपण, सर, काका

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतल्या 'तू' आणि 'तुम्ही'चा अभ्यास करून दोन सूत्रं सांगितली: एक सत्तेचं, दुसरं जवळिकीचं. मराठीत आपल्याकडे तिसरं सर्वनामही आहे, 'आपण'. माझं मत विचाराल तर पाहुण्याशी 'तुम्ही' पुरतं, स्वागताच्या आणि निरोपाच्या वाक्यात 'आपण' शोभतं. संबंध संवाद 'आपण'मध्ये केला की नाटकातल्या दरबारासारखं वाटायला लागतं, आणि गडबडीत "आपण जेवायला जाऊया का" म्हटलं की पाहुण्याला कळत नाही, हा मला घेऊन जाणार की नुसता पाठवणार. लहान मुलांना 'तू' म्हणावं, पण पंधरा-सोळाच्या पुढे 'तुम्ही' म्हटलेलं कोणाला खटकत नाही.

'काका', 'मावशी', 'आजी' ही संबोधनं मायेची आहेत हे कबूल. पण त्यांच्याबरोबर वयाचा अंदाज मोफत जातो. पंचेचाळिशीच्या बाईंना पंचविशीच्या मुलाने मावशी म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते एकदा बघितलेला मुलगा पुन्हा तसं म्हणत नाही. लेखी मजकुरात आणखी एक खड्डा आहे. 'श्रीमती' हा शब्द हिंदीत विवाहितेला सहज लावतात. मराठीत विवाहितेला 'सौ.' आणि पती हयात नसलेल्या बाईंना 'श्रीमती' असा जुना संकेत अजून अनेकांच्या मनात आहे. खोलीत ठेवायच्या स्वागतपत्रावर वैवाहिक स्थिती ओळखायचा उद्योगच कशाला? पूर्ण नाव लिहून पुढे 'यांस' लिहावं.

पदव्यांचं तसंच. बुकिंगवर 'डॉ.' असतं, समोर जोडपं उभं असतं, आणि आपला माणूस पुरुषाकडे बघून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आपला प्रवास कसा झाला?" साहेब शांतपणे बाजूला बघतात आणि म्हणतात, "डॉक्टर या आहेत." मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता नव्या मुलांना नियमच दिलाय: पदवी आधी हवेत सोडायची नाही, ओळखपत्रावरचा फोटो बघायचा. पाहुणा स्वतःहून "मला नुसतं पहिल्या नावाने बोलवा" म्हणाला तर तसंच बोलवायचं. तिथे आडनावाला चिकटून राहणं हाही उद्धटपणाच. पण ती सूट त्याने आपल्याला दिलेली असते, त्याच्या बायकोने दिलेली नसते.

आणि आता न घेण्याबद्दल. नाव आणि खोली क्रमांक एकाच श्वासात, चारचौघांत, कधीच नाही. लॉबीत कोण ऐकतंय ते आपल्याला माहीत नसतं. क्रमांक की-कार्डाच्या पाकिटावर लिहून बोटाने दाखवायचा. फोनवर कोणी "अमुक तुमच्याकडे उतरलेत का?" विचारलं तर हो-नाही काहीच नाही. पाहुणा कोणाबरोबर आलाय हे बघितल्याशिवाय ओळख दाखवायची नाही. हा धडा मी स्वतः शिकलोय. एका नेहमीच्या पाहुण्यांना बघून उत्साहाने म्हणालो, "पुन्हा स्वागत आहे! मागच्या महिन्यातलीच खोली ठेवलीय." शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "मागच्या महिन्यात?" ते का आले होते मला माहीत नाही, कदाचित आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आले असतील. पण त्या प्रश्नानंतर काउंटरवर जी शांतता पसरली ती माझ्यामुळे होती. ओळख त्यांनी दाखवली तर आपण दाखवायची, त्यांनी पहिल्यांदा आल्यासारखं केलं तर आपणही पहिल्यांदाच भेटलो.

गेस्ट हिस्टरीत, म्हणजे पाहुण्याबद्दल हॉटेल ठेवतं त्या नोंदीत, काय लिहायचं, तेही यातच आलं. "उशी कडक लागते", "लिफ्टपासून दूरची खोली", नावाचा उच्चार, आवडतं संबोधन, एवढं ठीक. "कटकट्या आहे" असं लिहायचं नाही. वैयक्तिक माहिती जपणारा युरोपचा जीडीपीआर कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यानुसार माणूस स्वतःबद्दलची नोंद मागू शकतो. कायदा तुम्हाला लागू असो वा नसो, ओळ लिहिताना पाहुणा मागून वाचतोय असं समजून लिहावी.

नाव विसरलंच तर? "स्पेलिंग कसं लिहिता आपण?" ही जुनी पळवाट आहे. मी वापरली तेव्हा उत्तर आलं, "जे, ओ, एस, एच, आय. जोशी." त्यांना सगळं कळलं होतं. तेव्हापासून सरळ सांगतो: "माफ करा, आपलं नाव माझ्या लक्षातून गेलं." पहिल्या दिवशी हे म्हटलं तर कोणाला काही वाटत नाही. चौथ्या दिवशी म्हणणं जड जातं, म्हणून पहिल्याच दिवशी म्हणावं. चुकीचं नाव घेतलं गेलं तर दुरुस्त करून, एकदा माफी मागून पुढे जायचं. लांबलेली माफी पाहुण्यालाच सावरावी लागते, "असू दे हो, असू दे" म्हणत.

राहता राहिला निरोप. खरं तर तिथे नाव घेणं सगळ्यात सोपं, बिल हातात असतं आणि त्यावर ते छापलेलं असतं. तरी तिथेच ते हमखास राहून जातं, कारण डोळे कार्डाच्या मशीनवर असतात, पावती कधी बाहेर येते त्याची वाट बघत. पावती येऊ द्यावी, घडी घालून पाकिटात ठेवावी, बिलावरचं नाव एकदा वाचावं, मान वर करावी आणि मग बोलावं.